यंत्र-कारखान्याचा वार्षिक हिशेब व शेतकऱ्याने त्यापासून घ्यावयाचा बोध

शेतीस यंत्राची जोड मिळाल्यापासून शेतकऱ्याचा व यंत्र बनविणाऱ्या कारखानदाराचा संबंध फार निकटचा झाला आहे. शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला म्हणजे कारखान्याची भट्टी रात्रंदिवस पेटलेली राहते. पिकाचा भाव उतरला म्हणजे तीच भट्टी मंदावते. म्हणून मोठ्या यंत्र-कारखान्याचा वार्षिक हिशेब हा केवळ भागधारकांनी वाचावयाचा कागद नव्हे. शेतकऱ्याच्या सुबत्तेचे व ओढगस्तीचे प्रतिबिंब त्यात पडलेले असते, आणि यंत्र घ्यावे की न घ्यावे, घेतल्यास केव्हा घ्यावे, याविषयी त्यातून पुष्कळ शिकता येते. प्रस्तुत पाठात अमेरिकेतील एका प्रसिद्ध कारखान्याचे सहा वर्षांचे आकडे घेऊन हा हिशेब कसा वाचावा हे पाहावयाचे आहे.

१. कारखाना व त्याचे हिशेबी वर्ष

हा कारखाना म्हणजे डिअर अँड कंपनी. ‘जॉन डिअर’ या नावाने व हिरव्या-पिवळ्या रंगाने त्याची यंत्रे आपल्याकडेही परिचित आहेत. जॉन डिअर हा मूळचा लोहार. इलिनॉय प्रांतातील काळी, चिकट माती त्या काळच्या बिडाच्या नांगराला चिकटून राही व शेतकऱ्यास वरचेवर थांबून फाळ खरवडावा लागे. १८३७ साली त्याने घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाचा नांगर तयार केला. त्यावरून माती आपोआप सुटू लागली. १८४८ साली त्याने आपला कारखाना मोलीन या गावी हलविला व कंपनीचे मुख्य ठाणे आजही तेथेच आहे. १९१८ साली आयोवा प्रांतातील वॉटर्लू येथील इंजिनांचा कारखाना विकत घेऊन कंपनीने ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकले. पुढे बांधकामाची व जंगलकामाची यंत्रे तिने आपलीशी केली, आणि २०१७ च्या अखेरीस रस्ते बांधण्याची यंत्रे करणारी विर्टगेन ही जर्मन कंपनी खरेदी केली.

महाराष्ट्राशी या कारखान्याचा प्रत्यक्ष संबंध आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या भागीदारीत पुणे जिल्ह्यातील सणसवाडी येथे ट्रॅक्टरचा कारखाना उभारण्यात आला. २००५ साली भागीदाराचा वाटा घेऊन डिअर कंपनीने तो संपूर्णपणे आपल्याकडे घेतला. विर्टगेनचा कारखानाही पुणे जिल्ह्यातच, दौंड तालुक्यातील भांडगाव येथे आहे.

कंपनीचे हिशेबी वर्ष मार्चअखेर अगर डिसेंबरअखेर संपत नसून ऑक्टोबर महिन्याच्या शेवटी, ३१ तारखेच्या जवळ येणाऱ्या रविवारी संपते. अमेरिकेत मका व सोयाबीन यांची काढणी याच सुमारास होत असते. म्हणून ‘२०२३ चा हिशेब’ याचा अर्थ ऑक्टोबर २०२३ अखेर संपलेल्या वर्षाचा हिशेब असा समजावा.

२. हिशेबातील तीन मुख्य रकाने

वार्षिक हिशेबात शेकडो आकडे असतात. नवख्याने प्रथम तीनच पाहावेत. यंत्रविक्री म्हणजे यंत्रे व सुटे भाग विकून आलेली रक्कम. एकूण उत्पन्न म्हणजे तीत कर्जावरील व्याज, भाडे वगैरे इतर आवक मिळवून होणारी बेरीज. निव्वळ नफा म्हणजे सर्व खर्च, व्याज व कर वजा जाता उरलेली शिल्लक. पुढील आकडे कोटी डॉलरमध्ये असून पूर्णांकात दिले आहेत.

सन २०२० : यंत्रविक्री ३,१२७, एकूण उत्पन्न ३,५५४, निव्वळ नफा २७५
सन २०२१ : यंत्रविक्री ३,९७४, एकूण उत्पन्न ४,४०२, निव्वळ नफा ५९६
सन २०२२ : यंत्रविक्री ४,७९२, एकूण उत्पन्न ५,२५८, निव्वळ नफा ७१३
सन २०२३ : यंत्रविक्री ५,५५७; एकूण उत्पन्न ६,१२५; निव्वळ नफा १,०१७
सन २०२४ : यंत्रविक्री ४,४७६, एकूण उत्पन्न ५,१७२, निव्वळ नफा ७१०
सन २०२५ : यंत्रविक्री ३,८९२, एकूण उत्पन्न ४,५६८, निव्वळ नफा ५०३

हे आकडे वरून खाली वाचले असता चढ व उतार दोन्ही स्पष्ट दिसतात. तीन वर्षे चढण, २०२३ साली शिखर व पुढील दोन वर्षे उतरण. एकाच वर्षाचा आकडा पाहून मत बनविणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल. ज्याने केवळ २०२३ चा हिशेब पाहिला त्यास हा धंदा अखंड वाढणारा वाटला असता; ज्याने केवळ २०२५ चा पाहिला त्यास तो बुडीत वाटला असता. वास्तविक २०२५ च्या उतरत्या वर्षातील नफाही २०२० च्या नफ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

३. तेजी कोठून आली

२०२० च्या उत्तरार्धापासून धान्याचे भाव वाढू लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्या प्रदेशातून जगास गहू व मका यांचा मोठा पुरवठा होत असल्याने भाव आणखी भडकले. अमेरिकेत मका बुशेलने मोजतात व एक बुशेल मका म्हणजे सुमारे २५ किलो. २०२२ च्या वसंतात मक्याचा भाव बुशेलमागे ७ डॉलरच्या वर गेला होता. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, जुनी यंत्रे बदलण्याची इच्छा बळावली, व्याजाचे दरही आरंभी अत्यल्प होते. त्याच वेळी सुट्या भागांच्या, विशेषतः इलेक्ट्रॉनिक भागांच्या, टंचाईमुळे यंत्रे वेळेवर तयार होत नव्हती. मागणी अधिक व माल कमी अशी स्थिती झाली म्हणजे भाव चढतो हे बाजाराचे साधे सूत्र आहे. कंपनीने यंत्रांच्या किमती वाढविल्या, आणि त्या वाढीव किमतीस ग्राहकही मिळाले.

यास्तव विक्रीचा आकडा वाढला असे दिसताच ‘किती यंत्रे अधिक विकली?’ आणि ‘प्रत्येक यंत्र किती महाग विकले?’ हे दोन प्रश्न निरनिराळे विचारावेत. २०२२ व २०२३ सालच्या वाढीत किमतीच्या वाढीचा वाटा फार मोठा होता. त्यामुळेच २०२३ साली मोठ्या शेतीयंत्रांच्या विभागास दर १०० डॉलर विक्रीमागे सुमारे २६ डॉलर व्यवहारी नफा सुटला.

चढत्या काळात कामगारांनीही आपला वाटा मागितला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे दहा हजार कामगारांनी संप पुकारला. तो पाच आठवडे चालला व वेतनवाढीच्या करारानंतर मिटला.

४. उतार कसा लागला

ऑगस्ट २०२४ पर्यंत मक्याचा भाव बुशेलमागे ४ डॉलरच्या खाली आला. सोयाबीनही १० डॉलरच्या खाली उतरले. दोन वर्षांपूर्वी त्याचा भाव १६ डॉलरहून अधिक होता. दुसऱ्या बाजूने अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाई रोखण्यासाठी मार्च २०२२ पासून व्याजाचा दर वाढवीत नेला. जवळजवळ शून्यावर असलेला हा दर जुलै २०२३ मध्ये सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर पोहोचला. धान्य स्वस्त, यंत्र महाग व कर्जही महाग, अशा तिहेरी कात्रीत शेतकरी सापडला. साहजिकच त्याने नवे यंत्र घेणे पुढे ढकलले.

कारखान्याने यावर जो उपाय केला तो अभ्यासण्यासारखा आहे. मागणी घटल्यावरही पूर्वीइतकीच यंत्रे बनवीत राहिल्यास ती विक्रेत्यांच्या आवारात साचून राहतात, त्यांवर व्याज चढते व अखेर ती तोट्याने विकावी लागतात. म्हणून २०२४ साली कंपनीने शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष खरेदीपेक्षाही कमी उत्पादन केले व साठा खाली आणला. तथापि या उपायाची किंमत कोणीतरी मोजलीच. आयोवा व इलिनॉय येथील कारखान्यांतून त्या वर्षी शेकडो कामगारांस घरी बसावे लागले. नफा-तोट्याच्या पत्रकात हे कामगार दिसत नाहीत; त्यांच्यामुळे झालेली खर्चाची बचत तेवढी दिसते. हिशेब वाचणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

२०२५ साली आणखी एक भार पडला. परदेशी मालावर व पोलादादी धातूंवर अमेरिकेने बसविलेल्या वाढीव जकातीमुळे त्या वर्षी सुमारे ६० कोटी डॉलरचा खर्च वाढल्याचे कंपनीने सांगितले.

५. विक्री तीस टक्क्यांनी घटली, नफा निम्म्यावर आला

आता या पाठातील मुख्य मुद्द्याकडे वळू. २०२३ ते २०२५ या दोन वर्षांत यंत्रविक्री ५,५५७ कोटींवरून ३,८९२ कोटींवर आली, म्हणजे ३० टक्क्यांनी घटली. परंतु निव्वळ नफा १,०१७ कोटींवरून ५०३ कोटींवर आला, म्हणजे तो निम्म्याहूनही किंचित खाली गेला. विक्रीपेक्षा नफा इतक्या वेगाने का घसरावा?

कारखान्याचे काही खर्च विक्रीबरोबर कमी-जास्त होतात. पोलाद, टायर, रंग, वाहतूक हे त्यांपैकी होत. यंत्रे कमी केली तर हे खर्चही घटतात. परंतु इमारती व यंत्रसामग्री यांचा घसारा, कार्यालयाचा खर्च आणि संशोधन यांवर विक्रीचा तितका परिणाम होत नाही. संशोधनावर कंपनीने २०२३ साली सुमारे २१८ कोटी डॉलर खर्च केले; २०२४ साली विक्री घटली असतानाही हा खर्च सुमारे २२९ कोटींवर गेला. असा स्थिर खर्च थोड्या विक्रीवर पसरला म्हणजे प्रत्येक यंत्रावर त्याचा बोजा वाढतो. त्यात जकातीसारखे नवे खर्च आले की नफा अधिकच आक्रसतो.

चढत्या काळात हाच नियम उलट दिशेने काम करतो. २०२० ते २०२३ या तीन वर्षांत यंत्रविक्री पावणेदोन पटींहून थोडी अधिक झाली, पण नफा साडेतीन पटींहून अधिक झाला. म्हणून चांगल्या वर्षाचा नफा कायमचा मानू नये व वाईट वर्षाच्या घसरणीने घाबरूनही जाऊ नये.

६. शेती व बांधकाम या दोन बाजू

शेती व बांधकाम या दोहोंची यंत्रे करण्यात हेतू असा की, एका बाजूस मंदी आली तरी दुसरी बाजू धंद्यास हात देईल. मोठ्या शेतीयंत्रांची विक्री २०२३ मधील २,६७९ कोटींवरून २०२५ मध्ये १,७३१ कोटींवर आली. ही घट सुमारे ३५ टक्के होय. लहान ट्रॅक्टर, गवतकापणी यंत्रे इत्यादींची विक्री १,३९८ कोटींवरून १,०२२ कोटींवर आली. घट सुमारे २७ टक्के. बांधकाम व जंगलकामाची यंत्रे १,४८० कोटींवरून १,१३८ कोटींवर आली. घट सुमारे २३ टक्के.

बांधकामाच्या यंत्रांची मागणी धान्याच्या भावावर अवलंबून नसून रस्ते, घरे व सार्वजनिक कामे यांवर अवलंबून असते. म्हणून ती कमी घटली. पण घटली खरीच, कारण महाग व्याज घर बांधणाऱ्यासही तितकेच जाचते. जोडधंदा आधार देतो. तो संकट सर्वस्वी टाळतो असे नाही. कोरडवाहू शेतीस दुभत्या जनावरांची जोड देणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

७. कर्ज देणारा कारखाना

एकूण उत्पन्नातून यंत्रविक्री वजा केली असता २०२३ साली सुमारे ५६९ कोटी व २०२४ साली सुमारे ६९६ कोटी डॉलर उरतात. ही आवक मुख्यत्वे कर्जावरील व्याजाची आहे, कारण कंपनी यंत्र विकते व ते घेण्यासाठी कर्जही देते. यंत्रांची विक्री घटली त्याच वर्षी ही आवक मात्र वाढली! व्याजाचे दर चढले होते आणि तेजीत दिलेल्या कर्जांचे हप्ते चालू होते.

कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने ही जमेची बाजू असली तरी घेणाऱ्याच्या दृष्टीने ती नावेची बाजू आहे. ज्या शेतकऱ्याने मका ७ डॉलर असताना, यंत्राची किंमत शिखरावर असताना कर्जाने यंत्र घेतले, त्यास मका ४ डॉलर झाल्यावरही तोच हप्ता भरावा लागला. धान्याचा भाव उतरतो, हप्ता उतरत नाही. पूर्वी ७ डॉलरच्या हिशेबाने जो हप्ता १०० बुशेल मक्यात फिटे, त्यासाठी ४ डॉलरच्या भावाने १७५ बुशेल मका विकावा लागतो. कर्जदार शेतकरी बुडाला तर कारखान्यासही ते परवडत नाही. १९३० नंतरच्या महामंदीत कर्जदार शेतकऱ्यांना सांभाळून घेण्याचे धोरण या कंपनीने स्वीकारल्याची नोंद तिच्या इतिहासात आहे.

यंत्र विकल्यानंतर सुटे भाग व दुरुस्ती यांपासूनही उत्पन्न मिळत राहते. हल्लीच्या यंत्रांत संगणकाचा भाग मोठा असल्याने दुरुस्ती कोणी करावी हा अमेरिकेत वादाचा विषय झाला आहे. शेतकऱ्यांस दुरुस्तीसाठी अधिकृत विक्रेत्यांवरच अवलंबून राहावे लागते, असा आरोप करून जानेवारी २०२५ मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. आपल्या दृष्टीने यातील तात्पर्य एवढेच की, यंत्र घेताना त्याच्या किमतीबरोबर दुरुस्तीची सोय व भागांचे दर यांचीही चौकशी करावी.

८. हाच नियम आपल्या ट्रॅक्टरास लावून पाहू

कारखान्याचा हिशेब व एका ट्रॅक्टरचा हिशेब यांत फरक आकाराचा आहे, प्रकाराचा नाही. समजण्यास सोपे जावे म्हणून पुढील आकडे कल्पनेने घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

ट्रॅक्टरची किंमत ८ लाख रुपये, आयुष्य १० वर्षे व अखेरीस येणारी किंमत २ लाख रुपये धरू. वार्षिक घसारा ६०,००० रुपये होतो. सरासरी ५ लाख रुपये भांडवलावर १० टक्के दराने व्याज ५०,००० रुपये. विमा व निवारा १०,००० रुपये. एकूण स्थिर खर्च १,२०,००० रुपये. ट्रॅक्टर दारात उभा राहिला तरी हा खर्च चालूच राहतो. डिझेल, चालक, तेलपाणी व दुरुस्ती मिळून चालता खर्च तासास ५५० रुपये आणि भाड्याचा दर तासास ९०० रुपये धरू. म्हणजे दर तासास ३५० रुपये सुटतात व त्यांतून स्थिर खर्च भागवावयाचा असतो.

वर्षात १,००० तास काम मिळाल्यास ३,५०,००० रुपये सुटतील व स्थिर खर्च वजा जाता २,३०,००० रुपये नफा राहील. ७०० तास काम मिळाल्यास २,४५,००० रुपये सुटतील व नफा १,२५,००० रुपये राहील. काम ३० टक्क्यांनी घटले, पण नफा सुमारे ४६ टक्क्यांनी घटला. मोलीनच्या कारखान्याचे जे झाले तेच गावच्या ट्रॅक्टरचे होते. काम ३४३ तासांच्या खाली गेल्यास नफा संपून तोटा सुरू होतो.

स्वतःच्या शेतात ट्रॅक्टर वापरणाऱ्याने भाड्याच्या जागी ‘दुसऱ्याकडून काम करून घेतले असते तर किती पडले असते’ ती रक्कम धरावी. तास फारच थोडे भरत असतील तर भाड्याने काम करून घेणे, गटाने मिळून यंत्र घेणे अगर अवजारे बँकेतून आणणे हे अधिक किफायतशीर ठरेल. अनुदान मिळते एवढ्याच कारणाने यंत्र घेऊ नये. अनुदानाने किंमत कमी होते, पण वर्षाचे कामाचे तास त्याने वाढत नाहीत.

९. ग्रामकार्यकर्त्यांनी करावयाचे काम

(अ) गावातील ट्रॅक्टरधारकांस तासांची वही ठेवण्यास शिकवावे. तासमापकावरील आकडा दर आठवड्यास लिहावा. डिझेल व दुरुस्ती यांचा खर्च त्याच पानावर मांडावा.

(आ) नवे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्याबरोबर बसून वरीलप्रमाणे त्याचा हिशेब मांडावा. पिकाचा भाव एकतृतीयांशाने घटला तरी हप्ता निघेल काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल तर जुने परंतु सुस्थितीतील यंत्र अगर सामायिक यंत्र सुचवावे.

(इ) गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत व त्यांस वर्षाकाठी किती काम मिळते याची नोंद घ्यावी. काम तेवढेच राहून ट्रॅक्टर वाढले तर प्रत्येकाचे तास घटतात व भाड्याच्या स्पर्धेत सर्वांचेच नुकसान होते.

(ई) चांगल्या वर्षातील शिल्लक लग्नकार्यात अगर दुसऱ्या यंत्राच्या हप्त्यात न घालविता तीतील काही भाग वाईट वर्षाच्या हप्त्यासाठी बाजूस ठेवण्याचा आग्रह धरावा.

मोठ्या कारखान्याजवळ साठा रोखण्याची, उत्पादन घटविण्याची व दोन-चार वर्षांची मंदी सोसण्याची शक्ती असते. लहान शेतकऱ्याजवळ ती नसते. त्याचे संरक्षण त्याच्या वहीतच आहे. तेजीच्या वर्षी शेजाऱ्याच्या दारात नवे यंत्र आले म्हणून आपणही धावण्यापूर्वी त्याने ही वही उघडून पाहिली, तर मंदीच्या वर्षी यंत्र विकून हप्ता भरण्याची पाळी त्याजवर येणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. यंत्रविक्री व एकूण उत्पन्न यांत फरक कोणता? २०२४ साली विक्री घटूनही इतर उत्पन्न का वाढले?
२. विक्री ३० टक्क्यांनी घटली असता नफा निम्म्यावर का आला, हे स्थिर खर्चाच्या आधारे स्पष्ट करा.
३. पाठातील उदाहरणात भाड्याचा दर तासास ९०० ऐवजी ८०० रुपये धरल्यास नफा-तोट्याची सीमा किती तासांवर येईल ते काढा.
४. आपल्या गावातील एका ट्रॅक्टरचा मागील वर्षाचा हिशेब याच पद्धतीने मांडा व तो शेतकऱ्यांच्या बैठकीत वाचून दाखवा.